मुठीएवढा तांब्याचा ठोकळा

मुठीत मावेल एवढा तांब्याचा ठोकळा. मधोमध गोल भोक, भोवती आणखी सहा, आणि त्यातलं प्रत्येक एका चिरेनं मधल्या भोकाला जोडलेलं. 21 फेब्रुवारी 1940 रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तो चालू केला. त्याचे सांधे लाखेनं बुजवलेले होते! शक्ती अजमावायला जोडलेले मोटारीचे दिवे जळून गेले.

काम नौदलाचं होतं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडार होतंच, पण त्याच्या लहरी दहा मीटरहून लांब. त्या फेकायला शंभर मीटर उंचीचे मनोरे लागत. विमानातून पाणबुडी हेरायची तर लहर दहा सेंटिमीटरपर्यंत आखूड हवी. तेवढ्या आखूड लहरी तोवर फार क्षीण निघत.

या ठोकळ्याचं नाव मॅग्नेट्रॉन. त्याची करामत अशी. मधल्या तापलेल्या दांड्यातून इलेक्ट्रॉन बाहेर झेपावतात, चुंबक त्यांना गोल वळवतो, आणि ते चिरांवरून सपासप जाताना भोकं घुमू लागतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते, अगदी तसं. बाटलीच्या मापावर सूर ठरतो, इथे भोकाच्या मापावर लहर. आजही स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये हाच मॅग्नेट्रॉन घुमतो.

1940च्या ऑगस्टअखेर त्याचा एक नमुना पत्र्याच्या काळ्या पेटीत बसून अमेरिकेला निघाला. लंडनच्या युस्टन स्थानकात हमालानं पेटी खांद्यावर टाकली आणि झपाझप चालू लागला. आत काय आहे हे जाणणारे रडारतज्ज्ञ एडी बोवेन त्याच्यामागे अक्षरशः धावत होते.

वर्ष संपायच्या आत मॅग्नेट्रॉनवर काम करायला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ‘रेडिएशन लॅबोरेटरी’ उभी राहिली. नाव मुद्दाम फसवं ठेवलेलं: इथे अणूंचा अभ्यास चालतो असं लोकांना वाटावं, कारण तो तेव्हा निरुपद्रवी समजला जाई. बघता बघता तिथे जवळजवळ चार हजार माणसं राबू लागली. विद्यापीठाच्या आवारात एवढी मोठी युद्धशाळा! मॅग्नेट्रॉनच्या आखूड लहरींमुळे विमानांतून पाणबुड्या दिसू लागल्या, तशी अंधारातली शहरंही. जानेवारी 1943च्या अखेरीस ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी मॅग्नेट्रॉनच्या नजरेनं हॅम्बर्ग शोधलं. त्या नजरेखाली माणसं झोपलेली होती, हे मला कधीच विसरता येत नाही.

युद्ध संपलं तरी काही शास्त्रज्ञ तिथेच थांबले. जे कळलं ते सगळं त्यांनी 28 खंडांत जगासाठी उघड लिहून ठेवलं. एडवर्ड पर्सेल हे त्यांतले एक. हे लिखाण चालू असतानाच त्यांनी जवळच्या हार्वर्डमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर पॅराफिन मेण चुंबकात ठेवलं, त्यावर रेडिओलहरी सोडल्या, आणि डिसेंबर 1945 मध्ये मेणातल्या प्रोटॉनांनी उत्तर दिलं. आज एमआरआयच्या बोगद्यात आपण निपचित पडतो, तेव्हा आपल्या शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन तसंच उत्तर देत असतात.

त्या हिवाळ्यात पर्सेलना दारातला बर्फही निराळा दिसू लागला: पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात शांतपणे डुलत असलेले प्रोटॉनांचे ढीगच्या ढीग.