बारावीचे मार्क आणि सिनेमाचे शिक्षण



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात बेण्या-खताच्या चौकशीबरोबर पोरांच्या शिक्षणाचीही चौकशी होते. अलीकडे एक नवा प्रश्न येतो. "साहेब, पोरगं म्हणतंय पिच्चरचं शिकायचंय. मार्क पडले पंचावन्न टक्के. एक संस्थेवाला म्हणतो, मार्काचं बघू नका, फी भरा. उसाच्या बिलावर उचल मिळंल का?" यात सभासदाचा पैसा आणि पोराची तीन-चार वर्षे गुंतलेली आहेत, म्हणून चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट, मार्क कमी म्हणून जादा पैसे मोजायची गरज नाही. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही सरकारी संस्था १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालत आली आहे. निवड होते ती प्रवेश परीक्षा, पुढची चाचणी आणि मुलाखत यांवर. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेचेही तसेच. तोडणीचा प्लॉट ठरवताना आपण उसाची नुसती उंची पाहत नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतो. तिथे पोराची नजर, वाचन आणि गोष्ट सांगायची हातोटी पाहतात.

दुसरी गोष्ट, आधी पदवी. वसमत, हिंगोली, कळमनुरी, जिथे सोयीचे पडेल तिथे बी.ए., बी.एस्सी. करू द्यावे. ध्वनिमुद्रणासारख्या शाखेला बारावीला भौतिकशास्त्र लागत आले आहे, हे ध्यानात ठेवावे. सरकारी संस्थांत जागा मोजक्या आणि चुरस साऱ्या देशाची. निवड नाही झाली तरी पदवी हातात राहते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमशास्त्र आणि ललित व प्रयोगजीवी कला अशी दोन संकुले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग तर जुना आणि नावाजलेला आहे.

तिसरी गोष्ट, दाखला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे एकदा दहावी नापास झाले होते. पुढे त्यांनी मराठीत एम.ए. केले आणि अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा कोर्स केला. तिथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०१० सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' नंतरचे. प्रत्येक पोरगा मंजुळे होईल असे नाही. पण जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातूनही वाट निघते, एवढे यातून दिसते.

चौथी गोष्ट, आधी पारख. आपण नवीन जात आली की सगळ्या रानात लावत नाही, चार गुंठ्यांत करून बघतो. पुण्याची संस्था २०१७ पासून लहान मुदतीचे कोर्सही चालवते. त्याआधी घरच्या मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म करायला सांगावी. विषय आपलाच घ्यावा : तोडणी टोळीचा दिवस, बाजार, आजीची गोष्ट. लिहिणे, चित्रण, जोडणी सगळे त्याने स्वतः करावे. दोन-तीन फिल्म तडीस नेल्या तर आवड खरी समजावी. पहिलीच अर्धवट राहिली तर फी भरायची घाई करू नये.

खाजगी संस्थेत घालायचेच असेल तर स्वतः जाऊन पाहावे. मान्यता कोणत्या विद्यापीठाची, कॅमेरे-संकलनाची साधने किती, मागची पोरे आज कुठे कामाला आहेत, हे विचारावे. दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. एकूण खर्च लेखी घ्यावा, राहण्या-जेवण्यासकट. रान गहाण टाकून असली फी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या वर्षीचे माहितीपत्रक पोराकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि मगच बिलाच्या पैशाला हात लावावा.