जुना संगणक, नवी प्रणाली

रायपुरातील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी परवा मला विचारले, "संगणक चांगला धडधाकट आहे, मग तो भंगारात का घालावा?" प्रश्न रास्त होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली, आणि विंडोज ११ ला त्यांचे यंत्र पात्र ठरत नव्हते. यंत्र तेच ठेवून प्रणाली बदलावी, असे मी सुचविले.

ही प्रणाली म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. तिची घडण सर्वांना पाहता येते, सुधारता येते आणि दुसऱ्यास देताही येते. या मोकळीकीचे मोल आम्हा छत्तीसगढवासीयांस विशेष वाटावे. व्यापाराच्या हिशेबात छत्तीसगढीसारख्या भाषेचा क्रम फार मागे लागतो. परंतु रविशंकर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने लिनक्सवरील केडीई हे कार्यपटल २००९ च्या सुमारास छत्तीसगढीत बोलू लागले. मराठी तर तेथे आहेच.

नवशिक्याने प्रथम काही पुसू नये. एका रिकाम्या पेनड्राइव्हवर (आतला मजकूर नाहीसा होतो, म्हणून रिकाम्या) लिनक्स मिंट किंवा उबुंटू उतरवून घ्यावी आणि संगणक त्यावरून चालू करावा. वेग थोडा मंद वाटेल. पण आवाज, इंटरनेट आणि मुख्यतः छपाईयंत्र चालते की नाही, ते कळते. संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढला की जुने सारे जसेच्या तसे. हे चार दिवस करून पाहावे. मगच, सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवून, कायमची स्थापना करावी.

खरी अडचण मात्र, श्रोतेहो, निराळ्याच ठिकाणी निघाली. गुरुजींचे वीस वर्षांचे लेखन कृतिदेव टंकात होते. अशा टंकात आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरांची चिन्हे. टंक त्यांना देवनागरीचा केवळ मुखवटा चढवितो. टंक नसलेल्या ठिकाणी तोच लेख निरर्थक रोमन अक्षरांचा पुंजका दिसतो. हा दोष लिनक्सचा नव्हे. लेखन टंकाच्या स्वाधीन केल्याचा हा परिणाम, आणि तो आज ना उद्या भोवणारच होता.

उपाय कष्टाचा, पण सरळ आहे. टंकांतर करणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे व रफार येथे हमखास चुका राहतात. पुढील लेखन इन्स्क्रिप्ट कळपाटावर करावे. तो लिनक्समध्ये अंगभूतच असतो. गुरुजी सध्या रोज दोन पाने तपासतात. जुनी प्रणाली त्यांनी अद्याप पुसलेली नाही, आणि मीही घाई केलेली नाही.