किका मारण्याआधी

गाडी सुरू होत नाही म्हणून कोणी ढकलत घेऊन आलं, की हत्याराला हात लावण्याआधी मी एकच विचारतो, बंद कशी पडली? चालता चालता एकदम, की हिसके देत देत? की रात्री नीट उभी केली होती अन् सकाळी उठलीच नाही? या उत्तरातच अर्धा रोग कळतो. एकदम बंद पडली तर बहुधा करंट गेलेला असतो. हिसके देत थांबली तर पेट्रोल पोचत नसतं. रात्री ठीक अन् सकाळी मुकी, तर बॅटरी नाहीतर प्लग. पण बहुतेक मंडळी एवढंच सांगतात, 'पन्नास किका मारल्या हो!' पन्नास किकांनी पाय दुखतो आणि इंजिनात पेट्रोल भरून नवीनच दुखणं उभं राहतं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात छोटी स्कूटर ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. घाटंजीकडच्या खेड्यातली अंगणवाडी सेविका, दारव्ह्याच्या बाजारात भाजी नेणारा माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, या सगळ्यांचा दिवस त्या एका गाडीवर चालतो. एसटी चुकली तर दुसरी कधी मिळेल याचा नेम नसतो. रात्री लेकरू तापानं फणफणलं तर दारातली स्कूटर हीच रुग्णवाहिका. त्यामुळे मेकॅनिक येईपर्यंत आपल्याला काय करता येईल, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा यांचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये दाब. यातला दाब एका रात्रीत सहसा जात नाही. म्हणजे शोधायचं ते पेट्रोल किंवा करंट. त्याआधी मात्र अगदी साध्या गोष्टी बघाव्यात. कॉक असेल तर तो बंद नाही ना? लाल स्विच चुकून दाबला गेला नाही ना? ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय बऱ्याच स्कूटरचा सेल्फ लागत नाही, आणि काही नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. हसू नका, अशा कितीतरी गाड्या मी पाना न लावता परत पाठवल्या आहेत.

टाकीत पेट्रोल आहे का हे गाडी हलवून, आवाज ऐकून बघावं. अंधारात टाकी उघडून काडी पेटवणारी माणसं अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो, जळतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ, आणि ती टाकीच्या तोंडाशीच असते. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. धुळीनं ते बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी चार-पाच किलोमीटर चालून थांबते, झाकण उघडताच 'फुस्स' होतं आणि पुन्हा चालू लागते. असं झालं तर खर्च शून्य, भोक साफ करा.

आता प्लग. थंड इंजिनातून तो पान्यानं काढावा आणि त्याचा चेहरा वाचावा. टोक विटकरी किंवा कॉफीच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; एअर फिल्टर बघा. ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. किका मारूनही ठणठणीत कोरडा, म्हणजे पेट्रोलच येत नाही. ओला असेल तर पुसून वाळवावा, कॉक बंद करावा, चावी बंद ठेवून चार किका माराव्यात म्हणजे आतली वाफ निघून जाते. चावी बंद, हे विसरू नका. उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा निघत असताना जवळ ठिणगी पडली तर गाडीच नव्हे, माणूसही भाजतो. ठिणगी तपासणं म्हणूनच मेकॅनिकवर सोडलेलं बरं.

जुन्या गाड्या याबाबत मोकळ्या स्वभावाच्या होत्या. पुण्याच्या कायनेटिकनं 1972 साली लुना आणली. ती रुसली तर पायडल मारत घरी येता येई. दोन स्ट्रोकच्या त्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, म्हणून प्लगवर कार्बन फार साचे. डिकीत जादा प्लग ठेवणं ही रीतच होती. बजाजची स्कूटर तर आधी कुशीवर कलती करत. तो काही टोटका नव्हता. कलती केली की कार्बोरेटरमध्ये थोडं जास्त पेट्रोल उतरे आणि थंड इंजिनाला ते हवंच असे.

एप्रिल 2020 पासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर गेला. तिथे इंजेक्शन आहे. ती कलती करून उपयोग नाही. चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो का, ते ऐका. आवाज नाही तर फ्यूज किंवा बॅटरी बघा. जुन्या बऱ्याच गाड्या बॅटरी बसली तरी किकनं चालू होत. या गाड्यांना पंपासाठीच वीज लागते. हॉर्न क्षीण वाजला, सेल्फ नुसता कट-कट करू लागला, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी तिचे स्क्रू घट्ट आहेत का, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का, ते बघा. आपल्याकडचा मे महिना बॅटरीचं आयुष्य खातो हे खरं, पण सैल स्क्रूसाठी नवी बॅटरी घेतलेले लोकही मी पाहिले आहेत. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबू नये.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपुढे ते पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जातं ते तळातलंच. म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीनं ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी चालवावी. उभ्या गाडीत उंदीर वायरीही कुरतडतात; सीट उचलून एकदा नजर टाकावी.

एवढं करूनही गाडी उठली नाही, तर मेकॅनिककडे न्या आणि प्लग ओला होता की कोरडा, हॉर्न कसा वाजला, बंद कशी पडली, हे त्याला आधी सांगा. काढलेला जुना भाग परत मागून घ्या.