दीव राखण्यासाठी वसई दिली

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर एका अरुंद खाडीपलीकडे दीव बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 40 चौरस किलोमीटर. पूर्व टोकाला किल्ला, त्याला लागून तटबंदीतलं शहर आणि समोर पाण्यात उभा पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग. ‘गोवा, दमण, दीव’ असं एका दमात म्हणताना या तिसऱ्या नावापाशी आपण फारसे थांबत नाही. माझं मत मात्र असं, की कोकण किनाऱ्याचं सोळावं शतक समजून घ्यायचं तर सुरुवात दीवपासून करावी. वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांच्या हाती गेली, ती दीवपायी.

बंदर पोर्तुगीजांच्या फार आधीचं आहे. इराणातून आलेले पारशी संजाणला पोहोचण्याआधी 19 वर्षं दीवला राहिले, असं ‘किस्सा-ए-संजान’ हे पारशी काव्य सांगतं. खंबायतच्या आखातातली जोरकस भरती-ओहोटी आणि गाळ मोठ्या जहाजांना परवडत नसे. दीव आखाताच्या बाहेर, खोल पाण्याजवळ. गुजरातचं सुती कापड तांबड्या समुद्राकडे, इराणच्या आखाताकडे आणि आफ्रिकेकडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांना याहून सोयीची जागा नव्हती.

या बंदराला ताकद दिली ती मलिक अयाजने. गुलाम म्हणून आलेला हा माणूस गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या मर्जीने दीवचा सुभेदार झाला. त्याने तटबंदी वाढवली, पाण्यात बुरूज उभारला आणि बंदराच्या तोंडावर साखळी ओढली. 1508 मध्ये आपल्या चौलजवळ इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठलं तेव्हा त्यांच्या मदतीला अयाजची गलबतं होती. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घ्यायला आल्मेदा 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवसमोर आला आणि मामलुकांचं आरमार त्याने मोडून काढलं. अयाजने चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी नीट सांभाळले होते. ते त्याने परत केले, तह केला, पण दीवमध्ये किल्ला बांधू दिला नाही. तो 1522 मध्ये वारला. बलाढ्य शत्रूला दारात थोपवून धरणारा असा मुत्सद्दी पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी दुसरा दिसत नाही, आणि त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं होतं.

1531 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. मग पोर्तुगीजांनी गुजरातच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर जाळपोळ सुरू केली. त्यात वसईही होरपळली. उत्तरेकडून मुघल बादशहा हुमायूनचं संकट वाढत होतं. अशा कोंडीत गुजरातचा सुलतान बहादूरशहाने 23 डिसेंबर 1534 रोजी वसईचा प्रदेश, मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगीजांना लिहून दिला. दीव मागणाऱ्याला वसई देऊन वाटेला लावावं, हा त्यामागचा हिशेब मला स्पष्ट दिसतो. तो वर्षभरही टिकला नाही. हुमायूनकडून हरल्यावर 1535 मध्ये बहादूरशहाला दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी द्यावी लागली, आणि फेब्रुवारी 1537 मध्ये पोर्तुगीजांच्या जहाजावरच्या भेटीनंतर झालेल्या झटापटीत तो दीवच्या पाण्यातच मेला. वसईवर मात्र पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीज निशाण राहिलं. चिमाजीअप्पांनी ते 1739 मध्ये उतरवलं.

किल्ल्याची खरी कसोटी दोन वेढ्यांत लागली. 1538 मध्ये इजिप्तचा उस्मानी सुभेदार सुलेमान पाशा सुएझहून आरमार घेऊन आला. आतली शिबंदी काही शेकड्यांची. बायका माती-दगड वाहून पडलेला तट भरत होत्या. शेवटी लढू शकणारे चाळीसेक उरले, तरी पाशाच माघारी गेला. 1546 चा वेढा याहून भयंकर. बुरुजाखालचा सुरुंग उडाला, त्यात पुढे व्हाइसरॉय झालेल्या पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोचा मुलगा फर्नांदो ठार झाला. नोव्हेंबरमध्ये कास्त्रो स्वतः आला आणि त्याने वेढा उठवला. किल्ला ढासळला होता, पदरी पैसा नव्हता. किल्ला पुन्हा बांधण्यासाठी गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागताना मुलाची हाडं तारण ठेवायचा त्याचा विचार होता. ते शक्य नव्हतं म्हणून त्याने दाढीचे केस पाठवले. आज दिसणाऱ्या भिंती, खडक फोडून काढलेला खंदक, समुद्राकडे रोखलेल्या तोफा, यांचा पाया त्या बांधकामात आहे.

एवढं रक्त सांडलं ते जकातीसाठी. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाजाने समुद्रात जायचं नाही, आणि दीवला थांबून कर भरायचा, अशी सक्ती होती. गोव्याची तिजोरी त्यावर भरत असे. पण मुघलांनी गुजरात घेतल्यावर सुरत वाढली, डच-इंग्रज आले, आणि 1668 मध्ये मस्कतच्या अरबांनी शहर लुटलं. तोफा जिथल्या तिथे राहिल्या, व्यापार निघून गेला.

तरी शहर तगलं. त्याचं श्रेय मी किल्ल्याला देणार नाही, वाणी व्यापाऱ्यांना आणि वांझा विणकरांना देईन. 1686 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांच्या मंडळीला मोझांबिकशी व्यापाराचा मक्ता दिला. तो 1777 पर्यंत चालला. दीवहून कापड जायचं, कारण आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर कापड हेच चलन होतं. परत येताना हस्तिदंत यायचा. माणसंही यायची, गुलाम म्हणून विकलेली. दीवच्या श्रीमंतीच्या कथेतून हा भाग कुणी गाळू नये. 

1961 च्या डिसेंबरात नौदलाची ‘दिल्ली’ युद्धनौका, हवाई दल आणि पायदळ यांनी मिळून दीव पोर्तुगीजांपासून मोकळं केलं. कारभार पणजीहून चालू राहिला, 1987 मध्ये गोवा राज्य होईपर्यंत. मधल्या काळात, 9 डिसेंबर 1971 रोजी, नौदलाची ‘खुकरी’ युद्धनौका याच समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं स्मारक किनाऱ्यावर आहे.

दीवकरांनी समुद्र सोडलेला नाही. जुन्या मोझांबिकच्या वाटेने गेलेली कुटुंबं पुढे लिस्बनला आणि तिथून इंग्लंडमधल्या लेस्टरला पोहोचली. 1961 पूर्वीच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, म्हणून जुने दाखले घरोघर जपून ठेवतात. बेटाच्या पश्चिम टोकाला, किल्ल्यापासून सगळ्यात लांब, वणाकबारा आहे. पर्यटक तिकडे क्वचित जातात. तिथे होड्या बांधल्या जातात, मासळी उतरते, आणि दीवचं चालतं बंदर आता तेच आहे.