आपल्याच माणसाला मारा, ताकद वाढवा!

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि पाठोपाठ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव उतरलं. त्याआधी राज्याच्या विधिमंडळातल्या रमीच्या व्हिडिओवरून उठलेला गदारोळही वाचकांच्या लक्षात असेल. या धुरळ्यात एक समज मात्र पक्का होऊन बसला : मोबाइलवरचा गेम म्हणजे जुगार. आपल्या शहरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत कुठल्याही घरात विचारा, हेच ऐकू येईल. खुद्द कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम वेगळे काढलेत, पण तेवढं वाचायला सवड कुणाला आहे? म्हणून आज मुद्दाम एका जुन्या गेमविषयी. यात खिशातून काहीच लावायचं नसतं. तुम्ही काय करता, याचाच हिशोब तो ठेवतो.

'फायनल फँटसी २' निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर १७ डिसेंबर १९८८ रोजी जपानात आला. नव्वदीत त्याच यंत्राच्या नकला आपल्याकडे घरोघरी पोचल्या आणि मारिओ, काँट्रा खेळून आपण बटणं झिजवली. हा गेम मात्र आपल्यापर्यंत आला नाही. आला असता तरी फारसा उपयोग नव्हता. एक तर सगळा मजकूर जपानी, आणि दुसरं म्हणजे कित्येक तासांचा खेळ अर्ध्यावर जपून ठेवायचा तर कॅसेटमध्येच बॅटरी लागते; आपल्याकडच्या नकली कॅसेटांत ती सहसा नसे. अधिकृत इंग्रजी रूप थेट २००३ साली, प्लेस्टेशनवर निघालं.

राक्षस मारा, अनुभवाचे गुण साठवा, 'लेव्हल' वाढली की सगळ्याच बाबतींत एकदम ताकदवान व्हा, ही 'रोल-प्लेइंग' जातीच्या खेळांची ठरलेली चाल. ती १९७४च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून चालत आलेली. पहिल्या भागातली लढाई अकितोशी कावाझू यांनी याच चालीवर बसवली होती. दुसऱ्या भागात त्याच गृहस्थांनी लेव्हल पार काढून टाकली! तलवार चालवाल तर तलवारीवरचा हात बसेल, कुऱ्हाडीवरचा होता तिथेच राहील. उपचाराचा मंत्र पुन्हा पुन्हा वापराल तर तो मुरत जाईल, थेट सोळाव्या पायरीपर्यंत. लढाईत भरपूर मार खाल्लात तर शेवटी सोसण्याची ताकद वाढेल. मूळ आवृत्तीत तर मनगटातला जोर वाढताना बुद्धी घटण्याचीही भीती असे.

कल्पना झकास. पण खेळणारे बेरकी निघाले. मार खाल्ल्याने ताकद वाढते ना? मग शत्रूची वाट कशाला बघायची? एखादा दुबळा शत्रू जिवंत ठेवायचा आणि नायक फिरिऑनने आपल्याच गटातल्या मारियावर तलवार चालवत राहायचं. मारियाची सोसण्याची ताकद वाढते, फिरिऑनचा हात सुधारतो. फॅमिकॉमवर याहून आळशी पळवाट होती. हल्ल्याचा हुकूम द्यायचा आणि अंमल होण्याआधी तो रद्द करायचा. सराव झाल्याची नोंद तरीही पडायची. तलवार म्यानातच, आणि गडी पारंगत!

दोष तेवढ्यावर थांबत नाहीत. जड चिलखत चढवावं तर वार चुकवण्याची चपळाई जाते, म्हणजे संरक्षणाला घेतलेलं लोखंडच अंगाशी येतं. चौथा सोबती कथेनुसार बदलत राहतो. त्यातले काही मरतात आणि त्यांच्यावर घेतलेली मेहनत पाण्यात जाते. 'अल्टिमा' या महामंत्रासाठी मिन्वू नावाचा सोबती प्राण देतो, आणि मूळ आवृत्तीत एका चुकीमुळे तो मंत्र अगदीच फुसका निघाला. भुयारांचं तर विचारूच नका. देवगिरीच्या अंधारीत शत्रूला कसं चकवत, ते गाइड रंगवून सांगतात; इथे तसाच चकवा दर चार पावलांवर. दार उघडावं तर रिकामी खोली, तुम्ही तिच्या मधोमध उभे, आणि बाहेर पडेपर्यंत राक्षसांची झुंबड.

तिसऱ्या भागात, १९९० साली, लेव्हल परत आली. गेम काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीने धडा घेतला, असं बहुतेक समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. करेल त्याला मिळेल, हे तत्त्व चूक नव्हतं, मोजपट्टी चुकली होती. गेम कृती किती वेळा केली ते मोजत होता, ती किती अवघड होती ते बघत नव्हता. कावाझूंनी हट्ट सोडला नाही. १९८९ साली गेमबॉयसाठी त्यांनी 'सागा' ही स्वतंत्र मालिका सुरू केली आणि तिचा पहिलाच भाग स्क्वेअर कंपनीचा दहा लाखांवर खपलेला पहिला गेम ठरला. पुढे १९९३च्या 'रोमान्सिंग सागा २'मध्ये जुन्या चुकीवरचा उतारा सापडतो. ऐन लढाईत पात्राच्या डोक्यावर दिवा पेटतो आणि त्याला नवा डाव सुचतो. शत्रू तगडा असेल तर दिवा पेटण्याची शक्यता जास्त. दुबळ्याला बडवत बसून किंवा आपल्याच माणसाला मारून इथे काही साधत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये या गेमचं नवं रूप आलं, तेव्हा एकतीस वर्षांपूर्वीची ही युक्ती जराही शिळी वाटली नाही.

उलट आजचे कित्येक मोबाइल गेम पाहा. ताकद हवी? पैसे भरा. वाट बघायची नाही? पुन्हा पैसे भरा. कायद्याच्या व्याख्येत हा जुगार नसेलही, पण मेहनतीची किंमत शून्य करण्यात हे गेम जुगाराच्या फार मागे नाहीत.

'फायनल फँटसी २' आज खेळायचा तर जुलै २०२१मध्ये आलेली 'पिक्सेल रीमास्टर' आवृत्ती घ्या. ती मोबाइलवरही चालते आणि बुद्धी घटण्याची जुनी शिक्षा तिच्यात नाही. झटपट वाढीची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर गेमचा जीवच जातो. आणि मारियाला मारू नका, त्याची गरज पडत नाही. पालकांना एक विनंती : पोरांवर ओरडण्याआधी गेममध्ये पैसे भरण्याची खिडकी आहे का, तेवढं तपासा. या गेममध्ये ती नाही. एकदा विकत घ्यायचा, पुढे खर्च फक्त वेळेचा.