हिवाळ्यात मॅरेथॉनचा सराव : पहाटे चारला पळण्याची सक्ती नाही, पण दुपारच्या उन्हाची सवय हवी

खामगाव (प्रतिनिधी) : दिवाळी झाली की तालुक्यातल्या रस्त्यांवर पहाटे पळणारी पोरं-पोरी दिसू लागतात. बहुतेक जण पोलीस भरती नाहीतर अग्निवीरची तयारी करणारे. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि राज्य राखीव पोलीस बलासाठी 5 किलोमीटर धावावं लागतं. यातल्याच काहींना पुढे अर्ध्या किंवा पूर्ण मॅरेथॉनची ओढ लागते. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. एवढ्या अंतराला भरतीचा सराव पुरत नाही, आणि हिवाळ्यात हा सराव करताना काही गोष्टी हमखास चुकतात.

आधी वेळेचं गणित पाहू. 2004 मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. चांगल्या तयारीला किमान 16 आठवडे लागतात. तिथून मागे मोजलं तर सराव सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करावा लागतो. म्हणजे ऐन सोयाबीनच्या सोंगणीत. नंतर हरभऱ्याची पेरणी, कापसाची वेचणी, आणि लाईन रात्रीची असली तर रात्रभर ओलीत. मोबाईलवर मिळणारे सरावाचे तक्ते शहरातल्या नोकरदार माणसासाठी केलेले असतात. त्यात ‘विश्रांतीचा दिवस’ लिहिलेला असतो, पण त्या दिवशी कापसाचं गाठोडं डोक्यावर असेल हे तक्ता करणाऱ्याला कुठून माहीत असणार? म्हणून शेतातलं कष्टाचं काम सरावातच मोजायला हवं. रात्री दोनपर्यंत पाणी दिलं असेल तर सकाळची लांब धाव पुढे ढकलावी. झोप कमी आणि धाव जास्त झाली की दुखणं गुडघ्यात किंवा नडगीत निघतं, आणि मग महिनाभर घरी बसावं लागतं.

धावायला थंडी चांगली, हे खरं आहे. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, उष्णता होऊन जातो. ही उष्णता बाहेर टाकायला शरीराला घाम गाळावा लागतो आणि त्यासाठी रक्त कातडीकडे वळवावं लागतं. हवा थंड असली की हे काम हलकं होतं आणि जास्त रक्त पायांच्या स्नायूंना मिळतं. म्हणूनच जगातल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये वेगवान वेळा 10 अंशांच्या आसपासच्या हवेत जास्त निघतात. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची सकाळ साधारण तशीच असते. एरवी ऊन्हानं भाजणाऱ्या विदर्भाला निसर्गानं एवढी एक सवलत दिली आहे.

पण पहाटे चारलाच पळायचं, हा हट्ट कशासाठी? जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सगळ्यात जास्त गारठा त्याच्या थोडा आधी असतो. त्या वेळी धुकं असतं, शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो, आणि रस्त्यावर मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि कापसाच्या गाड्या असतात. अंधारात रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं तर वेगळंच. राष्ट्रीय महामार्ग 53 वर तर कोणीच सराव करू नये. गावातला पांदण रस्ता, शाळेचं मैदान, खामगावकरांना जनुना तलावाचा परिसर या जागा बऱ्या. रस्त्यावर पळावंच लागलं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. अंगात पांढरा किंवा चमकणाऱ्या पट्टीचा शर्ट असावा, हातात बॅटरी असावी आणि कानात गाणी नसावीत. साडेसहा-सातला निघालं तरी सरावात काही कमी पडत नाही.

गारठ्यात निघताना स्नायू आखडलेले असतात आणि रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्तदाब थोडा चढलेला असतो. त्यामुळे पहिली दहा मिनिटं चालणं आणि हळू पळणं, मगच वेग. चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि घरात कोणाला हृदयविकार असलेल्यांनी तर सराव सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. 2024 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन जणांचा मृत्यू झाला होता. छातीत दाबल्यासारखं वाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथंच थांबायचं. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून रेटायचं नाही. थंड कोरड्या हवेत दम्याच्या माणसाची छाती लवकर भरते. त्याने तोंडा-नाकावरून रुमाल बांधून पळावं आणि पंप खिशात ठेवावा.

दुसरी फसवणूक पाण्याची. हिवाळ्यात तहान लागत नाही आणि घाम लगेच वाळून जातो, त्यामुळे गेलेलं पाणी लक्षात येत नाही. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर मीठ-साखर-लिंबाचं पाणी सोबत न्यावं. उलट, नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहणंही वाईट. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटच्या पंधरा दिवसांत होते. खामगावच्या कोरड्या गारठ्यात तीन महिने तयार झालेला गडी मुंबईत उतरतो तेव्हा तिथं समुद्राची दमट हवा असते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि अंग थंडच होत नाही. इथं जमलेला वेग तिथं निम्म्या वाटेत मोडतो. भरतीचंही तसंच आहे. 2024 च्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी जून-जुलैमध्ये झाली आणि त्या काळात राज्यात काही उमेदवारांचा जीव गेला. प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं, पण हिवाळ्यातल्या वेगाच्या भरवशावर उकाड्यात झोकून देणं धोक्याचं, हे नक्की. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. म्हणून स्पर्धेआधीचे दोन आठवडे काही धावा मुद्दाम सकाळी अकरा किंवा दुपारी दोन-तीनच्या उन्हात, हळू वेगाने कराव्यात. ते जमत नसेल तर अंगात एक शर्ट जादा घालावा. स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीचा वेगही नेहमीपेक्षा कमीच ठेवावा.

वेगवेगळ्या हवेत तयार झालेल्या माणसाचं उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. सैन्यात असताना त्याची नेमणूक सियाचीनमध्येही झाली आणि राजस्थानातही. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीत त्याने अर्धी मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दोघंही कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्यांच्या घरचे.

अंतर किती वाढवायचं? आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा साधा हिशोब आहे. लांब धाव आठवड्यातून एकदाच, आणि तीही शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्या वेगाने. पूर्ण मॅरेथॉनसाठी सरावात 30-32 किलोमीटरपर्यंत गेलं की पुरे. 42 किलोमीटर थेट स्पर्धेच्या दिवशीच पळायचे असतात. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं.

अर्ध्या मॅरेथॉनचा अंदाज आपल्या भागातल्या माणसाला सांगायला फार लागत नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगाव ते शेगाव ही वाट हजारो लोक पायी चालतात. ती 17-18 किलोमीटरची आहे. त्यात तीन-चार किलोमीटर मिळवले की झाली अर्धी मॅरेथॉन. पालखीसोबत ही वाट चाललेल्याने नव्याने सुरुवात करताना पहिल्या वर्षी अर्धीच धरावी आणि पूर्ण मॅरेथॉन पुढच्या हिवाळ्यावर ठेवावी.