लख्ख उन्हातला गुन्हा

‘चायनाटाउन’ पहिल्यांदा पाहताना आधी चकित करतं ते ऊन. १९४०च्या दशकातल्या अमेरिकन नॉयर चित्रपटांत गुन्हा म्हटला की काळोख, ओले रस्ते, भिंतीवर पसरलेल्या सावल्या. रोमन पोलान्स्कीचा १९७४ सालचा हा निओ-नॉयर मात्र रंगीत आहे. काळ १९३७चा, लॉस एंजेलिसमध्ये दुष्काळ, आणि डोळे दिपवणाऱ्या त्या उजेडातही आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही!

हे घडतं कसं? खासगी गुप्तहेर जेक गिट्स, म्हणजे जॅक निकल्सन, प्रत्येक प्रसंगात आहे. कॅमेरा वारंवार त्याच्या खांद्यामागे उभा राहतो. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. संत्र्यांच्या बागेत मार खाऊन तो बेशुद्ध पडतो तेव्हा पडदाही काळा होतो. तो डोळे उघडतो तेव्हाच चित्र परत येतं. प्रेक्षकाला इतकं घट्ट बांधून घेणारी पटकथा मी क्वचितच पाहिली आहे. रॉबर्ट टाउनला तिच्यासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

गिट्सची हेरगिरी तर बघत राहावी अशी. पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य अभियंत्यावर रात्रभर पाळत ठेवायची आहे. गिट्स त्याच्या गाडीच्या चाकाखाली एक स्वस्तातलं घड्याळ सरकवतो आणि निघून जातो. गाडी हलली की घड्याळ चिरडणार आणि काटे त्याच क्षणी थांबणार. साहेब किती वाजता निघाले, ते सकाळी आयतं हातात!

आणि एवढं सगळं रामायण कशासाठी, तर पाण्यासाठी. दुष्काळात रात्री गुपचूप पाणी सोडून दिलं जातंय, तहानलेल्या जमिनी कवडीमोलाने विकत घेतल्या जाताहेत. गोष्ट काल्पनिक, पण तिचं मूळ खरं आहे: ओवेन्स खोऱ्याचं पाणी सुमारे ३७५ किलोमीटर वाहून आणणारा कालवा लॉस एंजेलिसने १९१३ साली सुरू केला आणि त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी शहराचा संघर्ष पुढे वर्षानुवर्षं चालला. शेतीचं पाणी शहराने पळवणं आपल्याला नवं नाही, म्हणून तर हा चित्रपट इतका आतवर लागतो.

शेवट सांगत नाही. फक्त अभियंत्याच्या बंगल्यातल्या तळ्याकडे नीट बघा. तिथला माळी गवत खराब होत असल्याचं पुटपुटतो. गिट्स ‘हो, हो’ म्हणून पुढे जातो, आणि त्याच्यामागोमाग आपणही.